टिनावरचा पंखा

होळी झाली की नागपुरात अंकुश गजभियेला कोणी सुखानं जेवू देत नसे. पहिला घास तोंडाशी गेला की फोन वाजायचा. कोणाच्या कूलरचा पंप पाणी ओढत नाही, कोणाचा पंखा खडखड करतो, कोणाच्या टाकीला भोक पडलेलं. सगळ्यांना आजच हवं असे, आणि ऊन तापायच्या आत हवं असे. अंकुश हात धुवायचा, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळायचा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकायचा आणि गाडीला किक मारायचा.

"जेवून तरी जा," सरिता म्हणायची.

"लोकं भाजून राहिले वं," तो म्हणायचा. "अन् मी जेवत बसू?"

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून दर उन्हाळ्यात हे वाक्य तिनं ऐकलं होतं. पुढेपुढे तो दारातून बाहेर पडायच्या आधी तीच ते म्हणून टाकायची. तो हसायचा आणि जायचा.

त्यांचं घर टेका नाक्याच्या मागच्या वस्तीत होतं. पुढच्या खोलीवर स्लॅब, मागच्या खोलीवर टिन. मागच्या खोलीत अंकुशची आई, सिंधूताई, खाटेवर असायच्या. त्यांना लकवा झाला होता. उजवं अंग गेलं होतं आणि बोलणंही गेलं होतं. न्हाणी मागच्याच खोलीला लागून होती, आणि पुढच्या खोलीतून त्यांना तिथवर नेणं एकट्या सरिताच्यानं होत नसे. म्हणून टिनाची खोली. उशाशी एक स्टीलची ताटली आणि चमचा ठेवलेला. काही हवं असलं की सिंधूताई डाव्या हातानं ताटली वाजवायच्या. सरिता आधी बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात जायची. सासू खाटेवर पडल्यावर तिनं ते काम सोडलं.

अंकुशच्या घरी कूलर नव्हता असं नाही. चांगला होता. पण मे महिन्यात वस्तीतले सगळे कूलर एकदम लागले की गल्लीच्या तोंडावरची विजेची डीपी उडायची. तीही भर दुपारी. मग दिवस कलेपर्यंत लाइट नाही. इन्व्हर्टर जुना, त्यावर पुढच्या खोलीतला दिवा तेवढा लागे. टिनाच्या खोलीत बसलं की डोक्यावर कोणी तवा धरल्यासारखं वाटायचं. सरिता हातपंखा घेऊन सासूजवळ बसायची. हात दुखला की हात बदलायची.

गेल्या वर्षीच्या मेमध्ये एका दुपारी सिंधूताईंचे डोळे फिरले. अंग तापून लाकूड झालं. बर्फ लावत लावत ऑटोतून दवाखान्यात नेलं, म्हणून वाचल्या. डॉक्टर म्हणाले, यांना पुन्हा उष्णता लागू देऊ नका, पुढच्या वेळी हाती लागणार नाहीत. अंकुश मान खाली घालून ऐकत होता. साऱ्या शहराला तो गार करत हिंडत होता. त्याच्या आईला डॉक्टर हे सांगत होते.

आईला घरी आणल्यावर तो घरीच बसून होता. दुपारी लाइट गेली. बाहेर भणभण वारं सुटलेलं, रस्त्यावर माणूस नाही. खिडकीतल्या कूलरच्या जाळीतून झळ आत येत होती. आणि कूलरचा बंद पंखा हळूहळू फिरत होता.

"सरिता, हे पाह्य."

"काय?"

"लाइट नाही. तरी फिरून राहिला."

"वाऱ्यानं फिरून राहिला. त्यात काय पाहायचं?"

"जे वारं मायले मारून राहिलं, तेच पंखा फिरवून राहिलं."

"मग सांगा त्याले, जरा जोरात फिरव म्हणा," सरिता म्हणाली. "माहा हात गळून आला."

अंकुश हसला नाही. तो त्या पंख्याकडे पाहत राहिला.

थंडीत कूलरवाल्याला काम नसतं. अंकुश मोटारींचं वाइंडिंग करायचा, कोणाचा गिझर बसवून द्यायचा. त्या थंडीत तो भंगार घेऊन बसला. सीताबर्डीच्या एका दुकानदाराकडे नव्या तऱ्हेचा छताचा पंखा पडून होता, बीएलडीसी. त्यातलं कार्ड जळालं म्हणून दुकानदार तो फेकायलाच निघाला होता. आतली चुंबकं आणि तांब्याची गुंडाळी मात्र शाबूत होती. अंकुशनं तो घरी आणला, खोलला, दोन तारा बाहेर काढल्या आणि तारांना एक छोटा दिवा लावला.

"फिरव," तो सरिताला म्हणाला.

"मी?"

"फिरव ना वं. चावत नाही तो."

तिनं पंख्याचं पोट दोन्ही हातांनी धरून गरकन फिरवलं. दिवा लागला. तिनं हात काढून घेतला, दिवा विझला. तिनं पुन्हा फिरवलं. पोळ्या करायच्या राहिल्या आहेत हे ती विसरली.

"आता तुह्या जागी वारं फिरवीन," अंकुश म्हणाला. "वीज बॅटरीत जाईन. बॅटरीवर छोटा पंखा, मायच्या खाटेसमोर. डीपी उडो का जळो, आपल्याले काय?"

जुन्या ऑटोची बॅटरी मिळाली. वीस फुटी लोखंडी पाइप मिळाला. तो मागच्या भिंतीला क्लॅम्पनं आवळून टिनाच्या वर उभा केला. वाऱ्याच्या दिशेनं तोंड वळावं म्हणून मागे शेपूट हवं होतं. ते त्यानं कूलरच्या पत्र्यातून कापलं आणि निळं रंगवलं. वारं कुठून आहे हे पाहायला तो विहारावरचा पंचशील ध्वज पाहायचा. गाडीवरून जाता-येतासुद्धा मान वर. सरिताला वाटायचं, हा एक दिवस कोणाला तरी धडकेल.

गल्लीत सगळ्यांना खेळ सापडला. समोरचे चंपतराव पेन्शनवर होते आणि त्यांना दुसरं काम नव्हतं. ते ओट्यावर बसून विचारायचे, "का बे अंकुश, हेलिकॉप्टर कधी उडते?"

"तुमाले बसवूनच उडवतो, काका."

"मले नको बावा. मी पायी जाईन. अन् काहून एवढी खटपट? सोलर लाव ना. लोकं लावून राहिले."

"सोलर विकत आणा लागते, काका. हे बनवा लागते."

कोपऱ्यावरचा स्वानंदही येऊन बसायचा. त्यानं मराठीत एम.ए. केलं होतं आणि नोकरी नव्हती. पालथ्या टाकीवर बसून तो नुसता पाहायचा. अंकुश येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची ओळख करून द्यायचा. "हा आमचा यम्मे. नट कोणता अन् बोल्ट कोणता, विचारा त्याले."

"नट नाटकात असते, अंकुशभाऊ," स्वानंद म्हणायचा. "बोल्टचं मले मालूम नाही."

पाती करायचा प्रश्नच नव्हता. ते तर घरचं काम. अंकुशचा बाप कूलरचे पंखे बनवायचा. पत्रा कापून लाकडी साच्यावर ठोकायचा, आणि सिंधूताई कूलरच्या जाळीत घास भरायच्या. घास म्हणजे लाकडाचा बारीक तूस. त्यावरून पाणी ओघळलं की झळ गार होते. बाप गेला, साचा राहिला. अंकुशचा हात त्याच साच्यावर तयार झाला होता. डोळे मिटून ठोकलं तरी पात्याला हवा तोच बाक यायचा. त्यानं तीन मोठी पाती ठोकली, घासली, चढवली. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी पंखा सुरू करायचा असं त्यानं आईला सांगितलं होतं.

जयंतीला गल्लीत निळ्या पताका होत्या. विहारात वंदना झाली आणि लोक तसेच अंकुशच्या घरामागे आले. ध्वज चांगला फडफडत होता. अंकुशनं पात्यांना बांधलेली दोरी सोडली. पाती फिरली. बंद केलेला कूलर थांबता थांबता फिरतो, तशी फिरली. दिव्याची तार नुसती लाल झाली आणि विझली.

"याच्यापेक्षा माहा नातू जोरात फिरवते," चंपतराव म्हणाले.

सगळे हसले. अंकुशही हसला. सगळ्यांना त्यानं सरबत दिलं. जेवायला बसला आणि दोन घास खाऊन उठला. त्या दिवशी फोन वाजला नव्हता.

नंतरच्या रविवारी सकाळीच तो सरिताला म्हणाला, "चाल. कामठी रोडनं फिरून येऊ."

"अन् आई?"

"यम्मेले बसवलं."

एका काठीच्या टोकाला त्यानं छोटं चक्र लावलं होतं, साच्यावर ठोकलेल्या पात्यांचं. दुसऱ्या काठीला दुसरं, पांढऱ्या पीव्हीसी पाइपाच्या फाकांचं. सरितानं गाडीवर मागे बसून काठी उंच धरायची आणि काय होतं ते सांगायचं. लग्नानंतर एवढ्या सकाळी ती त्याच्या मागे कधी बसली नव्हती. रस्ता मोकळा होता. तिनं पहिली काठी धरली.

"फिरते का?"

"फिरते. म्हाताऱ्यासारखं."

"उलटून धर."

तिनं उलटून धरलं. चक्र उलटं फिरलं, तेही म्हाताऱ्यासारखंच. सिग्नलला शेजारच्या रिक्षातली बाई तिला म्हणाली, "भिंगरी कितीले आहे वं, ताई?" अंकुश एवढा हसला की हिरवा दिवा लागला तरी गाडी निघेना.

पुढे गेल्यावर तिनं दुसरी काठी धरली. या पात्यांचा बाक साच्याच्या नेमका उलटा होता आणि ती जवळजवळ सपाट होती. अंकुशनं गाडीचा वेग वाढवला. आधी चक्र हललंच नाही. मग एकदम पकडलं. पाती दिसेनाशी झाली, नुसता पांढरा गोल राहिला आणि भोंग्यासारखा आवाज सुटला. काठी हातातून निसटू लागली.

"थांबा! हात तुटते माहा!"

"सोडू नको! सोडू नको वं!"

त्यानं गाडी बाजूला घेतली. चक्र बराच वेळ फिरत राहिलं. सरिता धापा टाकत हसत होती. साच्यावरचं एक पातं हातात घेऊन अंकुश अंगठ्यानं त्याचा बाक चाचपत होता.

"हे वारं फेकाचं पातं आहे," तो म्हणाला. "बापानं वारं फेकाचंच शिकवलं. वारं घ्याचं असलं त पातं दुसरंच लागते. एवढं साधं मले कळलं नाही."

घरी आल्यावर त्यानं पाइपाची मोठी पाती कापायला घेतली. सोपं नव्हतं. कानस चालवताना हात आपसूक जुन्या बाजूला वळायचा. कितीतरी फाका वाया गेल्या. सरितानं एकदा पाहिलं, तो डाव्या हातानं उजवं मनगट धरून काम करत होता.

एप्रिल संपता संपता ती पाती चढली. दुपारी वारं सुटलं आणि मागच्या खोलीतला छोटा पंखा सुरू झाला. सिंधूताईंच्या कपाळावरचे पांढरे केस हलले. त्यांनी ताटलीवर एकदा चमचा मारला.

"टाळी वाजवून राहिली माय!" अंकुश ओरडला.

"टाळी नाही, घाबरल्या त्या," सरिता म्हणाली. पण तिलाही ती टाळीच वाटली होती.

नुसता पंखा झळच फेकतो हे कूलरवाल्याला कोणी सांगायला नको. म्हणून पंखा आणि खाट यांच्यामध्ये त्यानं दोरी बांधली. तिच्यावर ओली चादर टाकायची. चादर ओली असली की खोलीत माणूस बसू शके. पंख्याचं बटन त्यानं आईच्या डाव्या हाताशी, खाटेच्या पाटीवर बसवलं.

"हे दाबलं की सुरू, माय. पुन्हा दाबलं की बंद. कोणाले आवाज द्यायची गरज नाही."

सिंधूताईंना सगळं कळलं. पण त्या बटनाला त्यांनी कधी बोट लावलं नाही. वारं पडून बॅटरी उतरली, पंखा मंदावला की त्या ताटली वाजवायच्या. अंकुश घरी असला तर धावत यायचा.

"वारं पडलं, माय. मी काय करू? वाऱ्याले फोन लावू?"

तो खिशातून फोन काढून खरंच कानाला लावायचा. "हॅलो, वारं साहेब? टेक्याले या जरा." सिंधूताईंच्या तोंडाची डावी बाजू हसायची. पंख्यापेक्षा त्यांना हे हवं असतं, हे सरिताच्या केव्हाच लक्षात आलं होतं. अंकुश नसला की ती जिथे असेल तिथूनच ओरडायची, "वारं पडलं आई, येते!" पुष्कळदा ती जाईपर्यंत वारं सुटलेलं असे आणि ताटली थांबलेली असे.

मेचे पहिले दिवस बरे गेले. डीपी उडाली की गल्लीत ओरड व्हायची आणि टिनावर पाती फिरत असायची. चंपतराव आता हेलिकॉप्टर म्हणत नव्हते. "माह्याही घरी लावून दे बावा," म्हणायचे. सरितानं बुटीबोरीला फोन करून पाहिला. जूनमध्ये या, म्हणाले. तिनं अंकुशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जाय. माय आता आपलं आपण पाहीन, बटन आहे तिच्याजवळ."

मग नवतपा लागला, मेअखेरचे नऊ जाळणारे दिवस. या दिवसांत नागपूरचा माणूस दुपारी दाराची कडी काढत नाही. अंकुशला मात्र त्याच दिवसांत सगळ्यात जास्त फोन. त्यातल्या एका सकाळपासूनच वारं पिसाळलं होतं. वरचा पाइप क्लॅम्पमध्ये खडखड खडखड वाजत होता. टिनाखाली तो आवाज दुप्पट व्हायचा. सिंधूताईंचा डोळा लागत नव्हता. अंकुश शिडीनं वर चढला. मध्ये घालायला काही मिळेना तेव्हा त्यानं डोक्याचा दुपट्टा काढला, घडी घालून पाइप आणि क्लॅम्पच्या मध्ये ठोसला आणि नट आवळला. आवाज थांबला.

"दुपट्टा?" सरितानं विचारलं.

"एका दिवसानं काय होते?"

"माही ओढणी तरी बांधा."

"तुही गुलाबी ओढणी बांधून फिरू? चंपतकाका मेल्यावरही सोडणार नाही मले."

तो उघड्या डोक्यानं गेला.

दुपारी तो अचानक परत आला. सरिताला आनंदच झाला. मेमध्ये तो या वेळी कधी घरी नसे. गांधीबागेत एका दुकानाच्या गच्चीवर सकाळपासून मोठा कूलर खोलून बसलो होतो, म्हणाला. त्याचा चेहरा लाल होता आणि मान कोरडी होती. एवढ्या उन्हातून आला आणि घाम नाही, हे तिनं पाहिलं होतं. पाहिलं आणि पन्हं करायला वळली.

"डोकं भणभणून राहिलं," तो म्हणाला. "थोडा पडतो."

अर्धा पेला पिऊन त्यानं ठेवून दिला. मागच्या खोलीत आईच्या खाटेलगत, फरशीवर, पंख्यासमोर तो आडवा झाला. लाइट गेलेली होती. चादर वाळून कडक झाली होती. सकाळपासून नळाला पाणी नव्हतं आणि टँकर यायचा होता.

"फिरून राहिला ना?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं.

"फिरून राहिला."

त्याच्या खिशातला फोन वाजला. सरितानं तो हळूच काढून घेतला आणि बंद केला. आज त्याला कोणी उठवायचं नाही, तिनं ठरवलं. सासूकडे पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं. सिंधूताईंनी मान हलवली.

टँकरचा भोंगा वाजला तशी ती बादल्या घेऊन गेली. गल्लीच्या तोंडावर गर्दी होती. पाइप एकच आणि हात पन्नास. तिचा नंबर आला तेवढ्यात घरातून ताटली वाजली.

"वारं पडलं आई, येते!" ती ओरडली.

"तुही सासू वाऱ्याले बोलवून राहिली का वं?" मागची बाई म्हणाली. बाया हसल्या. सरिताही हसली. एक बादली भरली. ताटली वाजतच होती. आज जरा जास्तच वाजवून राहिल्या, तिला वाटलं. दुसरी बादली लावली. दोन बादल्या झाल्या की चादर भिजवता येईल, त्याच्या अंगावरूनही ओला हात फिरवता येईल, असं तिच्या मनात होतं. ताटलीचा आवाज वेडावाकडा होऊ लागला. मग एकदम थांबला.

सरितानं बादली उचलली आणि सहज वर पाहिलं. टिनावर पाती एवढ्या जोरात फिरत होती की वेगळी दिसत नव्हती. नुसता पांढरा गोल. वारं पडलंच नव्हतं.

बादली तिच्या हातातून गेली.

सिंधूताई अर्ध्या खाटेबाहेर लोंबत होत्या. चमचा लांब जाऊन पडला होता. त्यांचा डावा हात खाली पोचला होता आणि बोटं अंकुशच्या केसांत होती. समोर पंखा फिरत होता. अंकुशच्या अंगाला हात लावला तेव्हा तिला टिनाला हात लावल्यासारखं वाटलं.

नंतरचं तिला सलग आठवत नाही. लोकांनी भरलेल्या बादल्या त्याच्यावर ओतल्या. चंपतराव अनवाणी धावत जाऊन बर्फ घेऊन आले. स्वानंदनं ऑटो आणला आणि अंकुशचं डोकं मांडीवर घेऊन बसला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऊन मेंदूपर्यंत गेलं होतं. थोडं आधी आणलं असतं तर.

विहारात त्रिशरण-पंचशील झालं. शोकसभेत कोणीतरी स्वानंदला म्हणालं, तू शिकलेला आहेस, तू दोन शब्द बोल. तो उभा राहिला. "अंकुशभाऊ," म्हणाला. लोक थांबले. त्याला पुढचं काही येईना. चंपतरावांनी हात धरून त्याला खाली बसवलं.

सरितानं अंकुशचा फोन सुरू केला तर तो वाजतच होता.

"कूलरवाले भाऊ आहे का?"

"नाही."

"मग कधी येतील? आमच्याकडं लहान लेकरू आहे हो."

ती फोन कानाला धरून उभी राहायची. लोकं भाजून राहिले वं. पलीकडची बाई हॅलो हॅलो म्हणायची आणि ठेवून द्यायची.

चंपतराव एकदा दारात आले. त्यांची नजर वर गेली. "पोरी, काढून टाकू का ते?"

सरितानं वर पाहिलं. पाइपाच्या बगलेत दुपट्ट्याची घडी दिसत होती. धुळीनं मातकट झालेली.

"राहू द्या, काका."

पण सिंधूताईंना तो पंखा नको झाला होता. सरिता बटन दाबायची, पंखा फिरायचा आणि ताटली सुरू व्हायची. तो बंद होईपर्यंत त्या थांबायच्या नाहीत. मग सरिता पुन्हा हातपंखा घेऊन बसायची. चादर मात्र सवयीनं भिजवून दोरीवर टाकायची. सासूच्या तोंडाकडे ती पाहत नसे. त्या दुपारी ताटली किती वेळ वाजली, हे दोघींनाच ठाऊक होतं. एकीनं वाजवली होती. दुसरीनं, येते, म्हटलं होतं. सरितानं हे कोणाला सांगितलं नाही. सिंधूताईंना सांगता येत नव्हतं. पण त्या पंखा बंद करायला लावत होत्या, आणि त्याचा अर्थ सरितानं आपल्यापुरता लावला होता. डॉक्टरांचं बोलणंही तिच्या डोक्यात होतं. उन्हाळा अजून सरला नव्हता. यांना काही झालं तर तेही आपल्याच नावावर, असं तिला वाटायचं. म्हणून ती हात थांबवत नसे.

एका दुपारी डीपी उडाली. बाहेर वारं होतं. सरिता खाटेशी फरशीवर बसून हातपंखा हलवत होती. उजवा हात दुखला, तिनं डावा घेतला. डावा दुखला, तिनं पुन्हा उजवा घेतला. कितीतरी दिवस ती नीट झोपली नव्हती. डोकं खाटेच्या पाटीला टेकलं, ते तसंच राहिलं. हातपंखा मांडीवर पडला.

मानेला गार लागलं तेव्हा ती जागी झाली. आधी तिला कळेना. मग ओल्या चादरीचा वास आला. चादर हलत होती. तिच्या पलीकडे पंखा फिरत होता.

तिनं डोकं न हलवता डोळे वर केले. सिंधूताईंचा डावा हात पाटीवर होता, बटनाजवळ. त्यांनी ते पहिल्यांदाच दाबलं होतं. त्या पंख्याकडे पाहत नव्हत्या. सरिताकडे पाहत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांचा चांगला हात मोकळा नव्हता, कारण बटन सोडून तो आता सरिताच्या केसांकडे येत होता.

सरितानं डोकं तसंच राहू दिलं.

वर वारं मातलं होतं. पण पाइप वाजत नव्हता. दुपट्टा घट्ट बसला होता.